मुलाकडच्यांचा गोल अडवावा का?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. पंख्यावर धूळ बसते तसे बसतात, आणि एक दिवस पंखा लावला की सगळ्यांच्या अंगावर! आमच्या जळगावच्या सोसायटीतल्या टेबल फुटबॉलचं तसंच झालंय. त्या टेबलाने मला इतका घाम फोडलाय की सांगून मोकळं झालेलं बरं.

* * *

बिल्डरने क्लबहाउसच्या ओट्यावर ते टेबल ठेवलं आणि तो गेला. आडवे दांडे, दांड्यांना लटकलेले प्लास्टिकचे खेळाडू. याचं करायचं काय, कोणालाच कळेना. उन्हाळा लागला तसा बायकांना उपयोग सापडला. दांड्यांवर जुनी साडी अंथरली आणि तिच्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, वाळत घातले!

माझी मुलगी मयूरी घरूनच नोकरी करते. इंजिनिअरिंगला होस्टेलमध्ये हा खेळ खेळलेली. तिने पाहिलं आणि ओरडलीच, "अगं आई, हा खेळ आहे, खेळ!"

माझी बायको सुनंदा शांतपणे बिबडे उलटत म्हणाली, "असू दे ना. वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही!"

* * *

बिबडे डब्यात गेल्यावर आम्ही खेळायला लागलो. आम्ही म्हणजे मी, माझं मेडिकल स्टोअर आहे. कापड दुकानवाले झुंबरशेठ, मूळचे राजस्थानचे. आणि शिंदखेड्याचे रिटायर्ड मास्तर, नाना. नवशिक्याला मागे ठेवतात या न्यायाने बचाव माझ्याकडे आला.

चेंडू जवळ आला की मला धडकीच भरायची. मग मी दांडा गरागरा फिरवायचो. चेंडू कुठे, खेळाडू कुठे, काही पत्ता नाही! एकदा असा फिरवला की माझ्याच खेळाडूने चेंडू मागे हाणला, थेट आमच्याच गोलमध्ये.

नानांनी चष्मा वर केला. "भाऊ, तू कोनाकडथून खेळी ऱ्हायना?"

* * *

इथवर सगळी गंमत होती. मग मयूरीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा रोहन, वडील अण्णा. त्यांचा मसाल्याचा कारखाना. दोघं दोनदा भेटली होती, पसंतीच्या वाटेवर होती. अण्णा सहकुटुंब घर बघायला येणार होते, आणि मयूरी त्या दिवशी आपलं उत्तर सांगणार होती. मला तर स्थळ इतकं आवडलं होतं की ते हातचं जाईल या भीतीनेच झोप उडालेली.

त्यात अण्णांचा फोन. "तुमच्याकडे टेबल आहे म्हणे! आमच्या कारखान्यातही आहे. मी रोज खेळतो. रविवारी एक डाव होऊनच जाऊ द्या!"

सुनंदाने लगेच निकाल दिला, "मुलाकडच्यांना हरवायचं नसतं. गुपचूप सोडून द्या गोल."

मयूरीने लॅपटॉप मिटला. "बाबा, स्पष्ट सांगते. मुद्दाम हरलात तर मी या लग्नाला नाही म्हणेन. ज्या घरात पहिल्याच दिवशी खोटं खेळून जायचं, तिथे मला नाही नांदायचं."

आता बोला! हरलो तर मुलगी नाही म्हणणार, जिंकलो तर मुलाकडचे. इकडे आड, तिकडे विहीर!

* * *

मग मयूरीची शिकवणी सुरू झाली. "आधी दांडा फिरवणं बंद. मनगट ढिलं ठेवा. आणि गोलकीपरला बचाववाल्याच्या बरोबर मागे उभं करू नका. दोघं मिळून एकच जागा झाकतात, बाकी गोल उघडा! थोडे बाजूबाजूला ठेवा."

मला काही ते डोक्यात शिरेना. झुंबरशेठना मात्र पटकन समजलं. "अरे भाऊ, दुकानात बाप-बेटे दोघंही एकाच गिऱ्हाइकासमोर उभे राहिले, तर दुसऱ्या टोकाचं लुगडं गेलंच समजा!"

* * *

दुसरा धडा म्हणजे चेंडूमागे धावायचं नाही. समोरच्याचा खेळाडू कुठे सरकतो ते बघायचं आणि तेवढंच सरकायचं. मला त्याचा नादच लागला. दुकानात काउंटरमागे उभा असतानाही हात शिवशिवायचे.

एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायला आलं. मागच्या कपाटात बघायला तो डावीकडे वाकला, मी डावीकडे सरकलो. तो उजवीकडे वाकला, मी उजवीकडे!

शेवटी तो वैतागला. "औषध द्यायचं नसेल तर तसं सांगा ना राव!"

* * *

नानांनी तिसरा धडा दिला. सराव ऐन रंगात आला की ते ओरडायचे, "चहा आला!" मी मान वर करायचो. चहा नाही, काही नाही, आणि चेंडू गोलमध्ये! मयूरी डाफरायची, "बाबा, जग बुडालं तरी नजर टेबलावर!"

मग मी पक्का झालो. पुढच्या वेळी नाना ओरडले, मी हललो नाही. पुन्हा ओरडले, मी ढिम्म.

डाव संपला तेव्हा कपांवर जाड साय धरली होती. सुनंदा कधीच पाय आपटत निघून गेली होती!

* * *

रविवार उजाडला. अण्णांचा फोन, "पारोळा सोडलं बरं का!" आणि मेडिकलवाल्याला स्वतःची बीपीची गोळी सापडेना!

नाश्ता झाला, अण्णांनी बाह्या वर केल्या. त्यांच्याकडून अण्णा पुढे, रोहन गोल सांभाळायला. आमच्याकडून झुंबरशेठ पुढे, मी मागे. सुनंदा अण्णांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी खुणावत होती, सोडा, सोडा! मयूरी माझ्या बाजूला, हाताची घडी घालून.

डाव बरोबरीत आला. आता जो गोल करेल तो जिंकेल.

अण्णांनी चेंडू आपल्या खेळाडूच्या पायाशी थांबवला. माझी छाती इतकी धडधडत होती की शेठना ऐकू येत असेल असं वाटलं. खरं सांगतो, सोडून द्यावा असं मनात आलं होतं. पण शेजारी पोरगी उभी होती. मनगट ढिलं केलं, गोलकीपर आणि बचाववाला बाजूबाजूला ठेवले आणि थांबून राहिलो.

अण्णांनी हाणला. खाड! माझ्या बचाववाल्यावर आपटून चेंडू उलटा फिरला आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत रोहनच्या गोलकडे निघाला. अगदी संथ. नानांनी चष्म्याशिवायही अडवला असता.

रोहनने आपला गोलकीपर हळूच बाजूला सरकवला. गोल!

झुंबरशेठ नाचायलाच लागले. अण्णा टाळीला हात पुढे करत म्हणाले, "वा, मानलं तुम्हाला!" सुनंदाचा जीव भांड्यात पडला. मी मात्र मयूरीकडे पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं.

"रोहन, तुम्ही मुद्दाम सोडलात?" तिने विचारलं.

रोहनचा चेहरा उतरला. "हो. काका फार घाबरले होते. म्हटलं, जिंकू देऊ त्यांना."

अण्णांची टाळी हवेतच राहिली. मला वाटलं, झालं! एवढं चांगलं स्थळ माझ्या बीपीपायी गेलं.

"शेठजी, सरका जरा," मयूरी म्हणाली. तिने पुढचा दांडा धरला आणि चेंडू टाकला. "आता मी मारते. अडवा."

"मनापासून?" रोहनने विचारलं.

"मग काय!"

तिने मारला, त्याने अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. मग तिने असा हाणला की टेबल हललं. रोहनच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण तोही त्याने अडवला. तिला काही केल्या गोल करू देईना!

सुनंदाला राहवेना. "अहो जावईबापू, एक तरी जाऊ द्या की हो!"

मयूरीने चेंडू उचलला, ओढणीला हात पुसले.

"आई, पेढे आण."