सोसायटीची जीप अजून धावते

गावच्या सेवा सोसायटीच्या सभासदांनो, आपल्या मालकीची वस्तू आपल्याला न विचारता भंगारात निघते, हा राग तुमच्याही पोटात आहे.

माझ्या जन्माआधीची ही जीप दुष्काळात गुरांच्या छावणीला पेंड पोचवायची. ती तापून बंद पडली आणि संचालकांनी भंगारात विकण्याचा ठराव केला. मी दुरुस्तीसाठी ती माझ्या अंगणात ओढून आणली, तेव्हा चेअरमन म्हणाले, "अण्णा, इंजिन खल्लास हाय. कशाला हात काळे करायलाव?"

रेडिएटर उघडला तर आत पांढरा थर. टंचाईत आपण त्यात बोअरचं खारं पाणी ओतत राहिलो आणि क्षारानं नळ्या बुजल्या. इंजिन ठणठणीत होतं. लिंबाच्या सत्त्वानं नळ्या धुऊन काढल्या.

आज चेअरमनना शेजारी बसवून भर उन्हात केजहून चौसाळ्याला जाऊन आलो. तापमानाचा काटा मधून हलला नाही.

"गाडी लई गुणाची हाय," ते उतरताना म्हणाले. "पण ठराव झालाय ना."

ठराव संचालकांचा आहे, जीप सभासदांची आहे. धावती जीप भंगार म्हणून विकणारे उद्या गोदामही पडकं म्हणून विकतील.

रविवारी आमसभेला या आणि या ठरावाच्या विरोधात हात वर करा.