बोगनवेलीमागचं बाक

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माणूस कधी ना कधी माती खातो, मीही खाल्ली. पण लोक गुपचूप खातात हो, मी ती वाजतगाजत खाल्ली!

मोबाइल अजून फक्त साहेबलोकांच्या खिशात होता, तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडला आमची कॉलनी, समोर छोटीशी बाग. माझा खोकला बळावला, तशी आमच्या हिने मला कालिकेच्या देवळात नेऊन सिगारेट सोडायची शपथ घ्यायला लावली.

"तुम्ही सिगारेट सोडा, मी चहा सोडते," म्हणाली.

आणि सोडला की हो तिने! मी? मी घरातली सोडली. बागेतली चालूच होती. फिरायला जातो म्हणून निघायचं, बोगनवेलीमागच्या बाकावर बसून ओढायची, थोटूक बाकाखाली फेकायचं आणि बडीशेप चघळत घरी यायचं. ती बिचारी बिनचहाची बसलेली असायची. लाज वाटायची मला, खोटं कशाला बोलू? पण सुटत नव्हती!

एके सकाळी बघतो, तर माझ्या बाकापाशी वाकलेले देवरे सर! सटाण्याकडचे निवृत्त मास्तर, आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. हातात चिमटा, चिमट्यात माझं थोटूक. त्यांनी ते उजेडाला धरून निरखलं आणि बरणीत टाकलं.

आता मला सांगा, बाटल्या गोळा करणारे असतात, रद्दी गोळा करणारे असतात. थोटकं कोण गोळा करतं? मी बोगनवेलीआड सरकलो. कारण लगेच आठवलं, देवरे वहिनी आणि आमची ही एकाच भजनी मंडळात! म्हणजे पाळत ठेवलीय माझ्यावर!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेलो. कुंपणाच्या भिंतीवर पेपर पसरलेला आणि त्यावर पापड घालावेत तशी थोटकं वाळत घातलेली. तंबाखू एकीकडे, फिल्टर एकीकडे. मला फिल्टर चावायची सवय. त्या ढिगात चावलेलेच जास्त! मेलो, म्हटलं. मास्तर पुरावे वाळवून ठेवतोय!

मग मीही डोकं चालवलं. पुरावाच सोडायचा नाही! हिंगाची रिकामी डबी खिशात ठेवली. थोटूक विझवायचं, डबीत टाकायचं, डबी ऑफिसच्या कचऱ्यात रिकामी करायची.

"अहो, तुमच्या सदऱ्याला फोडणीचा वास कसा येतो?" हिने विचारलं.

"कॅन्टीन," मी म्हटलं.

आठवडा बरा गेला. मग एकदा थोटूक डबीत टाकतोय, तर पुढ्यात देवरे सर! त्यांनी डबी पाहिली, मला पाहिलं आणि हसले.

"बरं शे ना, भाऊ?"

सटाण्याकडच्या बोलीत 'बरं आहे ना', एवढंच! याला धमकी नाही तर काय म्हणायचं?

त्याच संध्याकाळी दोन किलो द्राक्षं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"सर, डबीचं तेवढं आपल्यातच राहू द्या."

"छे छे! अशी गोष्ट दडवून कसं चालेल? कॉलनीला कळली पाहिजे!"

"सर, माझा संसार आहे हो!"

"मग? वहिनींना अभिमानच वाटेल. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला या. त्यांना घेऊनच या."

आणि द्राक्षं मात्र ठेवून घेतली!

सव्वीस तारखेला मी ताप आल्याचं सोंग केलं. हिने कपाळाला हात लावून पाहिला आणि इस्त्रीचा सदरा पुढे केला.

झेंडावंदन झालं. देवरे सर माइकपाशी आले.

"बागेतली थोटकं मी सहा महिने वेचतोय. त्यांतल्या तंबाखूचं पाणी करून गुलाबावरच्या मावा किडीवर मारतो. पण फिल्टर काही कुजत नाही, मातीत तसाच राहतो. बोगनवेलीमागच्या बाकाखाली तर रोज खच! आणि एक दिवस तो बंद झाला. का? कारण तिथे बसणारे आपले जगतापभाऊ स्वतःची थोटकं स्वतःच्या डबीत भरून नेऊ लागले! रोज दोन, रविवारी तीन. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकही खाली पडू देत नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट! सत्कार सपत्नीक. शाल माझ्या खांद्यावर आणि नारळ हिच्या हातात. तो तिने असा काही धरला होता, की मी अर्धं पाऊल मागेच सरकून उभा राहिलो.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. स्वतःपुरता चहा टाकला आणि समोर बसून सावकाश प्यायली. मला रडूच आलं हो. त्या दिवशी सुटली माझी सिगारेट, खरोखरची.

सुटलो, असं मलाही वाटलं होतं. पण सत्काराचा फोटो तिने मोठा करून दिवाणखान्यात लावला. तो काय, तुमच्या डोक्यावर. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "वा! सत्कार कशाबद्दल?" आणि ही आतून ओरडते, "त्यांच्याच तोंडून ऐका!"

मग मी सांगतो. एखादं वाक्य गाळलं, तर ती स्वयंपाकघरातून लगेच भर घालते. आज आतून काही आवाज आला नाही. म्हणजे पाठांतर पक्कं झालंय माझं!