ताईचं अर्धं सत्र

ताई माझी सख्खी बहीण नव्हती, चुलत-मावस कोणीच नव्हती. कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही दोघी भाड्याने राहायचो, एवढंच. खाली दिवसभर मशिनी फिरायच्या, त्यामुळे आमची फरशी कायम कोमट आणि अंथरुणालासुद्धा साबणाचा वास. मी तेविसाची, ती चौतिसाची. पहिल्याच दिवशी मी तिला ताई म्हणाले आणि तेच नाव राहिलं.

तिचे वडील कवळ्या बनवायचे. शाळेतून आली की ती त्यांच्याशेजारी बसून मेणाचे दात कोरायची. त्यामुळे माणूस भेटला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघे. घरमालक भाडं घेऊन गेला की म्हणायची, "हा डावीकडूनच चावतो. उजवीकडची दाढ ठणकतेय, म्हणून तो असा खेकसतो." खेकसणं कमी झालं नाही, पण आम्हाला हसायला कारण मिळालं.

तिचा नवरा तिकडे गावी बस डेपोत मेकॅनिक, मुलगी आठ वर्षांची. दोघा नवराबायकोने ठरवून ताईला या देशात दातांच्या तंत्राचा दोन वर्षांचा कोर्स करायला पाठवलं होतं. कोर्स संपला की तीन वर्षांचं वर्क परमिट, मग मागोमाग ती दोघं येणार. मुलगी फोनवर इथली भाषा घोटून घोटून बोलून दाखवायची आणि ताई तिचे उच्चार सुधारायची, स्वतःचे धड नसताना.

मीही त्याच कॉलेजात शिकत होते. तिसऱ्या सत्रात माझं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, जखमेत पू झाला, परत दवाखाना. दीड महिना मला कुशीवर वळता येत नव्हतं. आई-बाबांना व्हिसा मिळेना. ताईच माझी जखम पुसायची, पट्टी बदलायची, मला धरून बाथरूमपर्यंत न्यायची. तिचे वर्ग बुडायला लागले, तेव्हा ती कॉलेजच्या विद्यार्थी सल्लागाराकडे गेली. तो गोड माणूस होता. टेबलावर चॉकलेटची वाटी आणि नाक पुसायचे कागद ठेवलेले असायचे. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "पाचातले दोनच विषय घ्या. उरलेले सुट्टीत करा. काही बिघडत नाही." तिने फॉर्मवर सही केली. माझ्यासाठी त्यानेच दवाखान्याचं पत्र जोडून वैद्यकीय रजेचा अर्ज भरला.

ताईने सुट्टीत तिन्ही विषय काढले आणि वेळेत पास झाली. मी एक सत्र मागे पडले. निकाल लागताच तिने परमिटचा अर्ज केला, आणि उत्तर येईपर्यंत काम करायची मुभा होती म्हणून दातांच्या एका लॅबमध्ये लागली. लॅबचा म्हातारा मालक पुढच्या दातांचं काम दुसऱ्या कोणाला देईना. तो म्हणायचा, रंग हिच्याच डोळ्याला कळतो.

चार महिन्यांनी उत्तर आलं. शेवटचं सत्र सोडून प्रत्येक सत्र पूर्णवेळ हवं. तुमचं तिसरं सत्र पूर्णवेळ नव्हतं, मंजूर रजाही नव्हती. अर्ज नामंजूर. काम त्याच क्षणापासून बंद. ताईच्या हातात दातांवर बसवायच्या चार कॅप अर्ध्या झाल्या होत्या. मालक म्हणाला, एवढ्या तेवढ्या पुऱ्या कर, कोण बघतंय. तिने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सल्लागाराकडे गेलो. तुम्ही सांगितलंत म्हणून विषय कमी केले, एवढं लिहून द्या, असं तिने मागितलं. त्याचा चेहरा खरंच उतरला. मग त्याने कपाटातून तिचा जुना फॉर्म काढला आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं: परमिटच्या नियमांबाबत कॉलेज सल्ला देत नाही. तिची सही त्या ओळीच्याच खाली होती. निघताना त्याने चॉकलेटची वाटी पुढे केली. ताईने एक घेतलं, का ते तिलाच ठाऊक.

आजारी मी होते, म्हणून माझ्याकडे कागद होता. जिने माझं आजारपण काढलं तिच्याकडे काहीच नव्हतं.

फेरविचाराच्या अर्जासाठी आम्ही एक वकीलबाई गाठली. तिने फाईल चाळली आणि मला विचारलं, "या तुमच्या कोण?" मी रूममेट म्हणाले. ती म्हणाली, घरच्या माणसाच्या आजारपणासाठी सवलत मिळू शकते, रूममेटसाठी नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मावसबहिणी असाल तर तुम्ही तसं लिहून सही द्या. एवढं कोणी तपासत नाही."

माझा स्वतःचा परमिटचा अर्ज आठच दिवसांपूर्वी गेला होता.

घरी येऊन मी ताईला सांगितलं की सरकारी कागदावर खोटं लिहायला माझं मन घेत नाही. माझं मन तसं काही फार स्वच्छ नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. ती भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "बरोबर आहे तुझं. तू नको पडू यात."

मी सुटल्यासारखी झाले. ते आठवलं की अजून माझीच मला किळस येते.

मग आम्ही जे खरं होतं तेच लिहिलं. मला तिसऱ्या आठवड्यात परमिट आलं. तिचा फेरविचाराचा अर्ज पाचव्यात फेटाळला गेला. जाताना तिने सगळी कोरणी गुंडाळून घेतली आणि आमचा कुकर मला ठेवून गेली. विमानतळावर माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, जड काही उचलत जाऊ नकोस.

दोन वर्षांनी लॅबच्या मालकाचा तिला फोन गेला. आता तो इथून दातांची मापं कॉम्प्युटरवर पाठवतो, ती तिथे कॅप बनवते आणि पार्सल करते. इथल्या पगाराचा पाचवा हिस्सा मिळतो. काम तेच, माणसंही इथलीच, फक्त ती इथे नको होती. हे तिने मला अगदी सरळ आवाजात सांगितलं. मुलीने इथली भाषा सोडून दिली, हेही त्याच आवाजात.

गेल्या महिन्यात मला इथे कायम राहायची परवानगी मिळाली. कळवायला मी ताईला फोन केला. "चांगलं झालं," ती म्हणाली. मी तेव्हा न दिलेल्या सहीचा विषय काढणार होते, खरंच काढणार होते. पण तेवढ्यात तिने विचारलं, व्रण थंडीत दुखतो का. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, पार्सलवाला दारात उभा आहे, ठेवते आता.