करवतीचा आवाज

ओटावाच्या बाहेर जंगलाचा तुकडा घेऊन राहणारे आमचे एक काका आहेत, रिटायर्ड इंजिनिअर. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "बघू, दोन विंटर जाऊ देत." गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दलही हेच.

हरणं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून ते झाडं पाडतात, हे मला पटायचं नाही. एकदा बोललेच.

"अगं, वर नुसती सावली. खाली ऊन पोचत नाही, मग उगवणार काय आणि ती खाणार काय?"

"मग गाजरं टाका की!"

"भीक मागायची सवय लावू त्यांना?" काका चिडलेच.

गेल्या जानेवारीत त्यांनी मला बर्फात उभं केलं, मोटरच्या करवतीने एक मेपल आडवा केला आणि करवत बंद केली. "आता हलू नकोस."

मला वाटलं, एवढ्या आवाजाने सगळी हरणं पळाली असणार. पण ती आवाज ऐकूनच आली, पडलेल्या फांद्यांचे शेंडे खायला. करवत वाजली की पान वाढलं, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत शेवटी फाटक्या कानाचा एक दांडगा नर आला.

काका कुजबुजले, "हा पहिल्यांदा आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता."

"मग काय केलंत?"

"झाडं पाडली. आणि दोन विंटर जाऊ दिले."