एकदा व्हय, दोनदा न्हाय

शिरोली एमआयडीसीत माझ्या दादाची लोखंड कातायची लेथ होती, आणि ती चालू असतानाही तो काय बोलतोय ते बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं. वहिनी त्याला म्हणायची, फोन कशाला लावताय, नुसतं दारात उभं राहून बोला. अशा माणसाचा आवाज गेला. नसांचा आजार. आधी हात, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र लख्ख, आणि उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत राहिलं. मला त्या आजाराचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. बोट हलतंय ना, मग त्या बोटानंच याला बोलतं करायचं, असं मी ठरवलं. दारावरच्या बेलचं एक बटण आणलं आणि त्याच्या दोन वायरी जुन्या कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटर लावतात तिथं जोडल्या. आता बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळायला हवं, म्हणजे ड्रायव्हर हवा, बटण आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम. पुस्तकं सांगायची, ड्रायव्हर कर्नलमध्ये लिहा, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्यात. पण तिथं माझी एक चूक झाली असती तर अख्खं मशीन बंद पडलं असतं, आणि दादा पुन्हा मुका. ते मला चालणार नव्हतं. म्हणून मी तो गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखाच लिहिला. सुरुवातीला गाभ्याकडं त्या पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जोडणीला, हात लावायची परवानगी मागायची, आणि मग सारखं बघत बसायचं, बटण दाबलंय का, सोडलंय का. कोसळला तर तो एकटाच कोसळेल, लगेच परत चालू करता येईल.

काम सोपं होतं, पण बटणानं मला रडवलं. एकदा दाबलं तरी आतली पत्ती थरथरते आणि प्रोग्रॅमला एकाचे दोन-तीन दाब दिसतात. आमचं ठरलं होतं, एकदा दाबलं तर व्हय, दोनदा दाबलं तर न्हाय. वहिनीनं विचारलं, पाणी देऊ? पडद्यावर न्हाय. तहानेला माणूस डोळे वटारून बघतोय आणि ही बाई तांब्या घेऊन परत निघालीय! मी बटणाला नको नको त्या शिव्या घातल्या. मग प्रोग्रॅमला शिकवलं, की पहिला दाब आला की क्षणभर डोळे मिटून घ्यायचे. तो क्षण किती, हे दादाच्या बोटाकडं बघत कमीजास्त करत राहिले, अगदी बिनचूक होईपर्यंत.

जास्त काही बोलायचं असेल तर पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की त्यानं दाबायचं. पहिलं वाक्य त्यानं लिहिलं, 'च्या लई ग्वाड'. वहिनी खो खो हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

दिवाळीनंतर त्याला श्वास पुरेनासा झाला. डॉक्टर घरी आले. म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी घालू, श्वासाचं मशीन लावू. त्यावर काही वर्षं निघतील, पण ते मशीन पुन्हा कधी सुटायचं नाही. नाही लावलं तर फार दिवस नाहीत. वहिनी म्हणाली, लावा. मीही म्हणाले, लावा. डॉक्टर म्हणाले, आधी त्यांना विचारा, आणि बाहेर जाऊन थांबले.

मी पलंगावर बसले, काही न लपवता सगळं सांगितलं आणि विचारलं, "दादा, नळी घालूया?"

पडद्यावर आलं, न्हाय.

"तुझं मशीन चुकतंय," वहिनी म्हणाली. "पान्याच्या येळी चुकलं हुतं, तसंच."

तिचं ते बोलणं मी घट्ट धरून ठेवलं. ज्या ड्रायव्हरमध्ये चूक राहू नये म्हणून इतके महिने जीव टाकला, त्यात आता चूक निघावी असं मला वाटत होतं. बोट अशक्त झालंय, थरथरलं असेल, एकाचे दोन झाले असतील. मी दादाला म्हटलं, एकदा-दोनदाचा भरवसा नाही, अक्षरांनी सांग.

अक्षरं उजळायला लागली. वहिनी एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. 'न्हाय म्हनलं' एवढं झालं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला कळलं होतं, म्हणून मी प्रोग्रॅम थांबवायला हात पुढं केला, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी हात मागं घेतला. तो थांबला, दम खाल्ला, आणि क उजळल्यावर पुन्हा दाबलं. मग वेलांटीवर दाबलं.

'न्हाय म्हनलं की.'

पत्ती थरथरून असा 'की' येत नसतो. डॉक्टर बाहेर वाट बघत होते, त्यांना जाऊन सांगायला हवं होतं, आणि मला पलंगावरून उठताच येईना.