भाऊजींनी वाचून न दाखवलेली बातमी

पंचावन्न सालच्या आरंभी मी लग्न होऊन गिरगावात, मुगभाटातल्या मानकरांच्या घरी आले. पहिल्याच सकाळी मला जाग आली ती मोठ्या दिरांच्या आवाजाने. गॅलरीत खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते, आणि तोही समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असा.

"ऐकलंत का! इंग्लंडहून अमेरिकेपर्यंत समुद्राच्या तळाशी टेलिफोनची तार टाकणार आहेत. घरबसल्या बोलायचं!"

समोरच्या गॅलरीत कोणी दात घासत होतं. तिथून उत्तर आलं, "आधी आमच्या नळाला पाणी आणायला सांगा त्यांना, कमलाकांतराव!"

सगळे हसले. भाऊजीही हसले आणि पुढची बातमी शोधू लागले.

कमलाकांत मानकर गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कॉलेज अर्धवट सुटलेलं. हातात कसब म्हणाल तर काही नाही. घरातला फ्यूज उडाला की वायरमनला बोलवायचे, आणि तो काम करत असताना मागे उभे राहून त्याला अणुवीज समजावून सांगायचे. पण जगात कुठे काही नवीन निघालं की ते जणू यांच्याच घरी निघालं, असा त्यांना आनंद व्हायचा. संध्याकाळी कचेरीतून सुटले की आधी वाचनालयात जाऊन इंग्रजी मासिकं चाळायची, मग घर. जेवताना कृत्रिम हृदय, विनावैमानिक विमानं, चंद्रावरची वस्ती. सरोजिनीवहिनी त्यांच्या ताटात आमटी वाढत म्हणायच्या, "चंद्रावर जाल तेव्हा डबा सांगा, म्हणजे आदल्या दिवशी मासळी आणून ठेवीन."

त्यांची एकुलती एक मुलगी बेबी तेव्हा चार वर्षांची होती. खरं नाव मृणालिनी, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. सकाळी ती बापाच्या मांडीवर बसायची आणि तो वाचायला लागण्याआधीच ओरडायची, "ऐकलंत का!"

त्या एप्रिलमध्ये भाऊजी एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आले. अमेरिकेत पोलिओवरची लस यशस्वी झाल्याची बातमी होती. "पोलिओ संपला, सरोज! आता जगात एकही मूल पांगळं होणार नाही."

वहिनींनी पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "म्हणजे कसला रोग हो हा? आपल्याकडे असतो?"

त्यांनी तो शब्दच प्रथम ऐकला होता. मीसुद्धा.

पुढच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं जाहीर झालं आणि गिरगाव पेटलं. दुकानांच्या फळ्या लागल्या, रस्त्यात दगडांचा खच पडला, अश्रुधूर घरात शिरून डोळे चुरचुरायचे. कुठे गोळी चालली, कोण पडला, याच्या बातम्या गॅलऱ्यागॅलऱ्यांतून सरकत यायच्या. माझे यजमान रघुवीर परळला मित्राकडे गेले होते, ते तिथेच अडकले. आणि कर्फ्यू लागला त्याच दुपारी बेबीला ताप भरला.

पहिल्या दिवशी आम्ही सर्दीपडशाचा ताप समजलो. दुसऱ्या दिवशी तो चढला. पोर मान दुखते म्हणून रडू लागली. आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये डॉक्टर कीर्तिकर राहायचे. म्हातारे, भाऊजींचा जन्म त्यांच्या हातचा. मागच्या गल्लीतून, भिंतीला अंग घासत ते आले. बेबीला तपासलं, पोट दाबून पाहिलं, गुडघे वाकवून पाहिले.

"मिक्सचर देतो. पाणी पाजा, पडून राहू द्या. दोन दिवस थांबू."

"थांबायचं कशाला?" भाऊजी म्हणाले. "पेनिसिलिन द्या ना."

"कशाचा ताप आहे ते कळल्याशिवाय पेनिसिलिन कशाला, कमलाकांता? प्रत्येक तापाला सुई लागत नाही."

"डॉक्टर, लढाईत लाखो माणसं वाचली त्याने. आणि इथे दाराबाहेर पडता येत नाही. उद्या ताप डोक्यात गेला तर हिला कुठून कुठे नेऊ? तुम्हाला तरी उद्या येता येईल का?"

हे खरंच होतं. त्याच वेळी कोपऱ्यावर शिट्ट्या वाजल्या, पळापळीचा आवाज आला. डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर थांबा म्हणतात तर थांबू या ना." भाऊजी म्हणाले, "अगं, आता काय आजीबाईच्या बटव्याचे दिवस आहेत?"

डॉक्टरांनी बॅग उघडली. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळलं. वहिनींना सुई बघवेना, म्हणून बेबीला मी धरलं.

ताप उतरला. भाऊजी सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, पेनिसिलिन!" त्यानंतरच्या सकाळी बेबी खाटेवरून उतरायला गेली आणि धाडकन पडली. उठवलं तर पुन्हा पडली. तिला वाटलं, आपण खेळतोय. ती हसली. उजवा पाय कापडासारखा लोंबत होता.

कर्फ्यू सैल झाल्यावर तिला परळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या वॉर्डात अशी कितीतरी मुलं होती. चिंचपोकळीची एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, तिचे यजमान गिरणीत होते. भाऊजी सवयीने तिला सांगू लागले, की यावर लस निघाली आहे, अमेरिकेत शाळाशाळांतून मुलांना देतायत.

"निघालीय?" ती म्हणाली. "मग आमच्या पोरांना का नाय दिली?"

भाऊजी बेबीच्या खाटेकडे परतले.

पण माणूस हटला नाही. गरम पाण्याचे शेक, मालिश, विजेचा उपचार, जे जे वाचलं ते ते केलं. सकाळी पेपर वाचायच्या वेळात आता ते बेबीचा पाय हातात घेऊन वाकवायचे, सरळ करायचे. पायाला पोलादी पट्ट्यांचा कॅलिपर आला, बगलेत कुबडी आली. तुर्भ्याला अणुभट्टी सुरू झाली त्या दिवशी त्यांनी पुन्हा गॅलरीतून ओरडून बातमी सांगितली. लोकांना बरं वाटलं. समोरचा मुद्दाम म्हणाला, "आता तरी नळाला पाणी येईल का हो?"

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात रशियाने आकाशात उपग्रह सोडला तेव्हा तर ते वेडेच झाले. तो संध्याकाळी मुंबईवरून दिसेल असं कोणी सांगितलं आणि अख्खी वाडी गच्चीवर लोटली. भाऊजी बेबीला खांद्यावर घेऊन मध्यभागी. दिवस मावळता मावळता एक ठिपका सरकताना दिसला, निदान आम्ही सगळ्यांनी दिसला असंच म्हटलं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. "बेबी, तू मोठी होशील तोवर तिथे माणसं जातील. तिथे वजनच नसतं. तिथे कोणालाच पाय लागत नाहीत."

वहिनी चटकन खाली निघून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी भाऊजी वाचनालयातून आले ते जेवले नाहीत. मी स्वयंपाकघरात एकटी होते. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "नलू, बेबीला इंजेक्शन दिलं तेव्हा तू धरलं होतंस ना?"

"हो."

"कुठल्या पायात दिलं?"

मला आठवायची गरज नव्हती. "उजव्या मांडीत," मी म्हटलं. "का हो भाऊजी?"

ते तिथेच पाटावर बसले. मग त्यांनी सांगितलं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात डॉक्टरांचं सदर होतं. विलायतेत पाहणी झाली होती. अंगात पोलिओ शिरलेला असताना, तो ताप नुसताच तापासारखा दिसत असताना, मुलाला सुई टोचली तर ज्या पायात टोचली नेमका तोच पाय जाऊ शकतो. एरवी पुष्कळ मुलं नुसता ताप येऊन बरी होतात.

"हे आजचं संशोधन नाही, नलू. बेबी आजारी पडली त्याच्याही आधीचं आहे. इतकी वर्षं मी सगळं वाचत होतो, आणि हेच तेवढं माझ्या हाती पडलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर कीर्तिकरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "सुई मी दिली, तू नाहीस. आणि नसती दिली तरी पाय वाचला असता असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल?" हे भाऊजींनीच मला सांगितलं. त्यांना त्याने काही फरक पडला नव्हता.

वहिनींना सांगू नका, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. रविवारी सकाळी वहिनी कोलंबी सोलत बसल्या होत्या. भाऊजी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. वहिनींचे हात चालूच होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टर थांबा म्हणत होते ना?"

"हो."

"मीही म्हटलं होतं."

"हो, सरोज."

वहिनींनी शेवटची कोलंबी भांड्यात टाकली, हात धुतले. "बेबीला हे कधी कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते झालं. पण तिला बाप लागेल."

त्या दिवसापासून गॅलरीतली खुर्ची आत आली. भाऊजी पेपर वाचायचे, पण मनात. रशियाने कुत्री पाठवली तेव्हा समोरच्यांनी स्वतः हाक मारली, "कमलाकांतराव, कुत्री गेली म्हणे आकाशात! परत कशी आणणार?" भाऊजी म्हणाले, "आणणार नाहीत," आणि आत गेले. वहिनी त्यांचं सगळं करायच्या. डबा, कपडे, आजारपण, काही कमी पडू दिलं नाही. फक्त आपण होऊन त्या त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

एकोणसाठ साली मला मुलगी झाली, सुमेधा. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा दादरचे एक बालरोगतज्ज्ञ परदेशातून आणवलेली पोलिओची लस देतात असं रघुवीर ऐकून आले. मी हरखले आणि घाबरलेही. लस सुईतूनच द्यायची होती. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

वहिनी म्हणाल्या, "या घरातल्या पोराला पुन्हा सुई नको."

मी भाऊजींकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"मला विचारतेस?"

"दुसऱ्या कोणाला विचारू?"

त्यांनी ताटात पाणी फिरवलं. मग म्हणाले, "दे."

"खात्री आहे तुमची?"

"खात्री मला पूर्वी असायची, नलू. आता नाही. पण दे."

वहिनी ताट तसंच ठेवून उठल्या.

लस द्यायला जाताना भाऊजी रजा काढून आमच्याबरोबर आले. दवाखान्यात सुमेधाची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या कपाळाला, पोटाला, मानेला हात लावून पाहिला. "हिचं अंग कोमट आहे. आज नको."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं. "अहो, दात येत असतील. काही नाही."

"आज नको," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका विचित्र झाला होता की डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. आम्ही तसेच परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, आणि त्या वेळी त्यांनीच तिला मांडीवर धरलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते कचेरीतून आल्या आल्या, चपला न काढता, पाळण्याशी जायचे आणि सुमेधाच्या तळपायांना गुदगुल्या करायचे. पोर पाय झाडायची. मग ते चपला काढायचे.

एक मेला महाराष्ट्र झाला. वाडीत तोरणं लागली, पोरं रोषणाई बघायला निघाली. बेबी नऊ वर्षांची, तिलाही जायचं होतं. भाऊजी तिला घेऊन गेले. गर्दीत कॅलिपरचा पट्टा तुटला, म्हणून तिला पाठीवर घेऊन घामाघूम होऊन परतले. वहिनींनी दार उघडलं, तिला उतरवून घेतलं, आणि अडीच वर्षांनी त्यांच्याशी आपण होऊन बोलल्या. "पाणी देऊ?" इतकंच.

पण आमचं मात्र त्या घरात राहणं कठीण झालं. पावसाळा संपता संपता सुमेधा चालायला लागली आणि लवकरच धावायला लागली. घरभर तिच्या पायांचा धप्धप् आवाज. तो आला की वहिनी आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या. कधी रागावल्या नाहीत, सुमेधाला कधी दूर केलं नाही. नुसतं दार लोटायच्या. मी पोरीला पायांत मोजे घालून पाहिले. मग मीच रघुवीरना म्हटलं, आपण दुसरीकडे जाऊ.

शिवाजी पार्कजवळ दोन खोल्या मिळाल्या. सामान हातगाडीवर चढवून झालं तेव्हा वहिनी खाली आल्या. त्यांनी माझी ओटी भरली आणि सुमेधाला उचलून घेतलं. लुगड्याच्या पदराने तिचे मळलेले पाय पुसले, एक एक बोट वेगळं करून. भाऊजी वर गॅलरीत बेबीजवळ उभे होते. बेबी आम्हाला हात करत होती. ते कठडा धरून खाली, वहिनींच्या हातांकडे बघत होते.