डुकरांचा कारभारी

बोस्टनहून परतल्यापासून एलिफलेट थेअरला घरात बसवेना. पिंपाच्या फळ्या तासायला घ्यायच्या, अर्ध्यावर टाकायच्या, दाराशी जाऊन रस्त्याकडे बघायचं. डोंगरातलं ते अख्खं गाव त्याच्याकडूनच पिंपं करून घेई. यंदा एक माणूस फिरकला नव्हता.

“अहो, बसा ना एका जागी,” बायको मेहिटेबल म्हणाली. “येरझाऱ्या घालून दिलेलं मत परत येतं का?”

घोडं पेंड खात होतं ते त्या मतापाशीच. अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर मत द्यायला गावानं त्याला पाठवलं होतं आणि सभाघरात हात वर करून बजावलं होतं, ‘नको’ म्हणून ये. इंग्लंडच्या राजाला हाकलून फार दिवस झाले नव्हते. दूर बसलेलं दुसरं सरकार पुन्हा मानेवर बसेल ही सगळ्यांना धास्ती. एलिफलेटनं मान डोलावली होती. पण बोस्टनला त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या. माणसाच्या हक्कांची कलमं मागाहून जोडायचा आग्रह धरू, असं ठरलं तेव्हा त्याचं मन पालटलं. नाव पुकारल्यावर तो ‘हो’ म्हणून गेला. हे शहाणपण झालं की दगा? तेव्हापासून चैन नव्हती.

मार्चमध्ये वर्षाचे कारभारी निवडायला गावसभा भरली. एलिफलेटच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

डुकरांच्या कारभाऱ्याची पाळी आली. मोकाट डुकरं धरायची, कुंपणातून घुसू नयेत म्हणून त्यांच्या मानेत लाकडी जोखड अडकवायचं. हे काम गाव थट्टेनं एखाद्या नव्या नवरदेवाच्या गळ्यात मारी.

शेजारचा झेब्युलन क्रॉस्बी उठला. “एलिफलेटला द्या. बोस्टनच्या बड्या लोकांत बसून आलाय, चिखलाची सवय असेल.”

सभाघर खदखदून हसलं. भराभर हात वर झाले.

सभापती हॅस्केल आजोबा ओशाळले. “एलिफ, पोरा, काम नाकारल्याचा दंड भर आणि मोकळा हो.”

“नाही आजोबा.” एलिफलेट बाकावरून उठला. “मला नको होतं हे काम. पण हात वर झाले, तर करीन. माझ्या मताचा राग माझ्यावर काढा. पण तिथंही मतं मोजली गेलीत. हरलेल्यांतले कितीतरी उठून म्हणाले, पटलं नाही, तरी मानू.”

“म्हणजे आम्ही तोंड शिवून बसायचं?” क्रॉस्बी कडाडला.

“भांड की लेका! पुढच्या वेळी मला पाड. फक्त भिंतीवरच्या बंदुका उतरवायच्या नाहीत. मागल्या हिवाळ्यात कर्जवसुलीविरुद्धच्या बंडात उतरवल्या, त्यात आपलीच माणसं गेली.”

कुणी टाळी वाजवली नाही. हॅस्केल आजोबांनी पुढचं नाव पुकारलं.

सकाळी एलिफलेट पिंपाच्या फळ्यांचं जोखड घेऊन निघाला. क्रॉस्बीची डुकरीण रस्त्यातच उभी होती.

“तुझी मोकाट आहे रे, झेब.”

“तिला तुझी घटना मान्य नाही,” क्रॉस्बी म्हणाला. पण वाकला आणि तिचे कान धरले. डुकरीण किंचाळत होती, दोघेही चिखलानं माखले. “एलिफ, आणि ती कलमं आलीच नाहीत तर?”

एलिफलेटनं खुंटी ठोकली.

उन्हाळ्यापर्यंत पिंपं मागायला लोक येऊ लागले. पण बोस्टनच्या वाटेनं घोडा दिसला, की तो हातातली फळी टाकून धावे. “कलमांचं काही कळलं का हो?”